माऊस कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्राचं नाव ‘विद्यार्थिनी आणि संगणकावरचं संगीत’ असं छापलंय. काल रात्री जेवताना एका मैत्रिणीने मला सरळच विचारलं, “सकाळी पोटगीवर सत्र, दुपारी रेशनवर, आणि मध्येच हे संगीत कशाला?” तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी आधीच देत नाही. काय काय झालं ते सांगते, मग आपण चर्चेत बघू.

सुरुवात १९९१ सालापासून करावी लागेल. इथल्या काहीजणी तेव्हा आमच्याबरोबर होत्या. मोर्च्यात, पथनाट्यात आम्ही गाणी म्हणायचो. गावोगावचे गट सांगायचे की गाण्यांची पुस्तिका मिळाली, पण चाल कळत नाही, कॅसेट काढा. वर्गणी जमवून आम्ही मुंबईत एका स्टुडिओत चार तासांची वेळ घेतली. आम्ही सहाजणी, एक ढोलकी, एक डफ, टाळ. काचेच्या पलीकडे रेकॉर्डिस्ट. माणूस वाईट नव्हता, आम्हाला चहा पाजला त्याने. पण काही विचारलं की म्हणायचा, “ताई, तुम्ही फक्त गा. बाकीचं आमच्यावर सोडा.” आम्ही सोडलं. महिन्याभराने कॅसेट हातात आली. डफ जवळजवळ ऐकूच येत नव्हता, त्याच्यावर कीबोर्डचे लांबलचक सूर चढवलेले. आणि एका गाण्याचं तिसरं कडवं गायब. विचारलं तर म्हणे गाणं लांबत होतं, बाजू पुरत नव्हती. शेतमजूर बाईच्या मजुरीचा हिशेब त्या कडव्यात होता. अख्खं गाणं त्या हिशेबासाठी लिहिलेलं. पण हजार प्रती निघाल्या होत्या, पैसे संपले होते. आम्ही ती तशीच विकली. अजूनही कितीतरी गावांत ते गाणं दोनच कडव्यांचं म्हणतात, कारण बायका ते कॅसेटवरून शिकल्या.

त्या माणसाचा राग आता येत नाही. मला आश्चर्य वाटतं ते आमचं. पोलीस स्टेशनात जाऊन इन्स्पेक्टरसमोर बसणाऱ्या आम्ही सहाजणी. एकीलाही वाटलं नाही की उठावं, काचेच्या पलीकडे जावं, आणि ती बटणं काय करतात ते बघावं.

पुढे मी एका सामुदायिक रेडिओ केंद्रात काम करायला लागले तेव्हा, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा आवाज कापायला शिकले. संगणकावर. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे, २००० सालापासून फुकट मिळतं. त्यात आवाज डोंगरांच्या रांगेसारखा पडद्यावर दिसतो. हवा तो तुकडा निवडायचा आणि काढून टाकायचा. पहिल्या दिवशी मी एका मुलाखतीतले खोकले काढले, आणि संध्याकाळी घरी जाताना मला ते तिसरं कडवं आठवत राहिलं. इतकं सोपं होतं होय हे!

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात पाच रविवार, रोज तीन तास, अशी कार्यशाळा घेतली. बारा संगणक, चोवीस विद्यार्थी, त्यात अठरा मुली आणि सहा मुलगे. फक्त मुलींची घ्यावी असं मला वाटत होतं, पण लॅब हवी असेल तर सगळ्यांना घ्या अशी अट होती. बरंच झालं, नाहीतर पुढची गंमत दिसली नसती.

पहिल्या रविवारी मी म्हटलं, दोघादोघांनी बसा आणि सॉफ्टवेअर उघडून बघा. अर्ध्या तासाने फिरून मोजलं. सहा संगणकांवर एक मुलगा एक मुलगी होती. सहाच्या सहा ठिकाणी माऊस मुलाच्या हातात. मुलगी शेजारी, वही उघडून, लिहून घेतेय! उरलेल्या सहा ठिकाणी दोघी मुलीच. तिथेही जिच्या घरी संगणक आहे तिच्या हातात माऊस, आणि एसटीने येणारी, वस्तीवरची मुलगी शेजारी. तेव्हा हा प्रश्न फक्त मुलगा-मुलगी असा नाही, हे आपणही लक्षात ठेवायला हवं. आपल्या गटांतसुद्धा अहवाल टाइप करणारी आणि सतरंज्या उचलणारी ठरलेलीच असते ना?

मग मी घरून गजराचं घड्याळ नेलं. दर दहा मिनिटांनी गजर. गजर झाला की माऊस दुसऱ्याकडे. ज्याच्या हातात माऊस नाही त्याने पडद्याकडे बोटही दाखवायचं नाही, जे सांगायचं ते शब्दांत सांगायचं. मुलींना हे एका दिवसात जमलं. एक मुलगा बिचारा हात मांडीखाली दाबून बसायचा, इतका त्याचा हात माऊसकडे धावायचा. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, “ताई, शब्दांत सांगायला लागलं की आपल्याला नीट येत नाही हे कळतं.” हे वाक्य मी त्याच्या परवानगीने सगळीकडे सांगते.

आता शिकवलं काय आणि कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला हे करायचं असेल तर उपयोग होईल.

अशा सॉफ्टवेअरमध्ये तयार आवाज भरपूर असतात. ड्रम, गिटार, काय हवं ते. मुलांना ते दिलं की पाच मिनिटांत डीजेसारखं काहीतरी वाजायला लागतं, सगळे खूश होतात, आणि सगळ्यांचं एकसारखंच होतं. म्हणून पहिले दोन रविवार मी तयार आवाजांना बंदी घातली. घरातले आवाज मोबाइलवर नोंदवून आणा, एवढंच. काय काय आलं! कुकरची शिट्टी, हंड्यावर हंडा ठेवल्याचा आवाज, शिवणयंत्र, गोठ्यातल्या गाईची घंटा, केरसुणी, ताटातला तांदूळ. एकीने आईची हाक आणली.

ती हाक आम्ही पडद्यावर मोठी मोठी करत नेली. डोंगर रुंद होत जातात, मग त्यांची एक नागमोडी रेघ होते, आणि शेवटी रेघ तुटून नुसते ठिपके दिसतात. आवाज म्हणजे हवेतला दाब कमीजास्त होणं. संगणक तो दाब एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. सीडीसाठी ठरलेलं माप तेच. तेवढं का, तर माणसाच्या कानाला ऐकू येणारा बारीकात बारीक आवाज सेकंदाला साधारण २०,००० कंपनांचा असतो, आणि तो पकडायचा तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. ती मुलगी लगेच म्हणाली, “मग आईच्या हाकेत किती?” हाक तीन सेकंदांची. वहीवर गुणाकार करून तिने सांगितलं, १,३२,३०० ठिपके. ज्या हाकेला रोज “आले गं” म्हणून टाळतो तिच्यात एवढे ठिपके! वर्ग हसला, पण त्यानंतर यंत्राची भीती जराशी उतरली, हे मी पाहिलं. आकडेच आहेत ना, मग बदलता येतील.

दुसरी पायरी, त्या आवाजाची सरगम करणं. त्यासाठी आम्ही एलएमएमएस हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर वापरलं. ते स्वतः आवाज नोंदवत नाही, पण नोंदवलेला तुकडा त्यात टाकला की पडद्यावरच्या पेटीच्या पट्ट्यांवर पसरतो. पातेल्याच्या झाकणाचा एक सेकंदाचा ‘ठण्ण’ घेतला. तेच ठिपके दुप्पट वेगाने वाचले की तो आवाज बरोबर वरच्या सप्तकात जातो, निम्म्या वेगाने वाचले की खालच्या. आपल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की लताबाईंचा आवाज कसा जाड व्हायचा, आठवतंय ना? तेच. एका झाकणातून दोन सप्तकं निघाली.

इथे मी मुलींना डेलिया डर्बिशरची गोष्ट सांगितली. ही इंग्लंडची. केंब्रिजमधून गणित आणि संगीत शिकून १९५९ साली बाहेर पडली. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीत काम मागायला गेली तर उत्तर मिळालं, आम्ही स्टुडिओत बायका घेत नाही. पुढे बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये तिला काम मिळालं. ही कार्यशाळा १९५८ साली सुरू झाली ती मुख्यतः डॅफ्ने ओराम या बाईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून. ओराम मात्र वर्षभरात तिथून बाहेर पडली आणि स्वतःचं यंत्र बांधायला लागली. सिनेमाच्या फितीवर हाताने आकृत्या काढायच्या आणि त्यांतून प्रकाश सोडून आवाज करायचा, असं ते यंत्र. तर डेलियाकडे एक जुनाट हिरवी दिव्याची छत्री होती, धातूची. ती वाजवून तिचा नाद ती टेपवर घ्यायची आणि त्याच्यातून संगीत करायची. आमच्या झाकणासारखंच की! संगणक नव्हता, टेप ब्लेडने कापून, वेग कमीजास्त करून, चिकटवून एकेक सूर तयार व्हायचा. १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत तिने असं बनवलं. चाल रॉन ग्रेनर या संगीतकाराची. त्याने तयार झालेलं ऐकलं आणि श्रेयात तिला वाटा मिळावा असं त्यालाही वाटलं, पण संस्थेच्या नियमात कर्मचाऱ्याचं नाव बसत नव्हतं. पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ साली. ती २००१ मध्येच गेली होती.

मुली विचारतात, आपल्याकडे कुणी होतं का? होतं. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या, जॉन केज या संगीतकाराला त्यांनी आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून तिकडचं शिकल्या. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला आणि डेव्हिड टुडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे स्टुडिओ उभा करून दिला. तिथे झालेल्या कामात गीताबेनच्या रचनाही आहेत. त्या फिती कित्येक वर्षं पडून होत्या, त्यांतला निवडक भाग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात गिरणीमालकांच्या घरात जन्मल्यामुळे त्यांना न्यूयॉर्क गाठता आलं, हेही मी मुलींना सांगते. आमच्या वर्गातल्या एकीला रविवारी कॉलेज गाठणंसुद्धा मुश्कील होतं. तिची एसटी दुपारी दोनला सुटायची, तेव्हा आम्ही वर्गाची वेळच बदलली.

तिसऱ्या रविवारी भांडण झालं, चांगलं भांडण. सॉफ्टवेअर उघडलं की त्यात ताल आधीच ठरलेला असतो. चार मात्रांचं माप, सोळा घरं, आणि वेग एकदा लावला की शेवटपर्यंत तोच. चार मुलींनी फुगडीचा आवाज आणला होता, पायांचा आणि तोंडाने काढलेल्या पकव्याचा. त्यांना तो ठेका बसवायचा होता आणि तो बसेना. मुलगे म्हणाले, तुमची फुगडी बेताल आहे. मुली म्हणाल्या, तुमचं मशीन बेताल आहे! मी म्हटलं, दोघंही थांबा, मोजा. मोजल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, त्या ठेक्याचं वजन सहाचं होतं, चारचं नव्हे. ते माप बदलता येतं, ६/८ केलं की सोळाऐवजी बारा घरं होतात. दुसरी, फुगडी संथ सुरू होते आणि चढत जाते. मग वेगासाठी वेगळी रेघ काढायची सोय सापडली. डावीकडून उजवीकडे चढण काढली आणि मशीन फुगडी खेळायला लागलं. या भांडणातून मुली जे शिकल्या ते मला दहा तास बोलून शिकवता आलं नसतं. यंत्रात आधीच भरलेलं असतं ते कुणीतरी, कुठेतरी, आपल्या सवयीने भरलेलं असतं. मींडेचंही तेच. पट्ट्या बारा, आणि आपला गळा दोन पट्ट्यांच्या मधून घसरत जाणारा. तीही सोय शोधावी लागते. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग वाजवून तबकडी काढली, ती २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर गाजली. मुलांना ती ऐकवली तर विश्वास बसेना की इतकी जुनी आहे.

आता जे सांगणार आहे ते त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारून सांगते आहे. नाव, गाव सांगणार नाही आणि कुणी विचारूही नये.

दुसऱ्या रविवारचा अभ्यास होता, रात्री स्वयंपाकघरात दहा मिनिटं मोबाइल चालू ठेवा. आलेले आवाज मी एकेक करून मोठ्या स्पीकरवर लावत होते. एका मुलीचा लावला. भांडी, नळाचं पाणी, बांगड्या. सहाव्या मिनिटाला पुरुषाचा आवाज आला. शिव्या. काहीतरी जोरात आपटलं. मी धावत जाऊन बंद केलं, पण तोवर चोवीसजणांनी ऐकलं होतं. ती मुलगी पडद्याकडे बघत बसली होती.

मी तीस वर्षं सल्ला केंद्रात बसलेली बाई. बायकांचं गाऱ्हाणं चारचौघांत काढायचं नाही, दार लावून ऐकायचं, हे मी नव्या कार्यकर्त्यांना शिकवते. आणि इथे मी न ऐकता, न विचारता, स्पीकर लावून मोकळी झाले. चूक माझी होती, आणि मी ते सगळ्यांसमोर तिला म्हटलं.

सुट्टी करून तिला बाहेर नेलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “ताई, त्यात ते आहे हे मला माहीत होतं. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नको तो तुकडा कापता येतो. मी ते कापायला आणलं होतं.”

परत आल्यावर ती एकटी संगणकावर बसली, हेडफोन लावून. मी तिला दोन रस्ते दाखवले. तुकडा काढून टाकला की पुढचा आवाज मागे सरकून जोडला जातो, मध्ये काही होतं हेच कळत नाही. दुसरी आज्ञा अशी आहे की तुकडा जागेवरच राहतो पण मुका होतो. तेवढा वेळ शिल्लक राहतो, आवाज नाही. तिने दोन्ही करून पाहिलं, पुन्हा पुन्हा. शेवटी दुसरं निवडलं. चाळीस सेकंद होते ते. का निवडलं ते मी विचारलं नाही.

पण एक विचारावं लागलं, आईला माहीत आहे का? तिने आईला सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्या अभ्यासापायी एका बाईचा आवाज तिला न विचारता वर्गात वाजला होता. त्या आठवड्यात आम्ही दोघी तिच्या आईला भेटलो. घरी नव्हे, ती जिथे कामाला जाते तिथे. सगळं सांगितलं. तिला ऐकायचं होतं. हेडफोन लावून दहाच्या दहा मिनिटं ऐकलं तिने, मधलं न कापता. आधी म्हणाली, “माझ्या बांगड्या एवढ्या वाजतात?” मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गाण्यात ते नको. पण पुसू नका. असू द्या कुठेतरी.”

आपण कार्यकर्त्या आहोत, तेव्हा पुढचं तुमच्या मनात आलंच असेल. मी तिला २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, आपलं केंद्र, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. त्यानंतर ती दोनदा केंद्रात येऊन गेली आहे, याहून जास्त मी सांगणार नाही. वकील ताईंनी एक गोष्ट बजावली, ती सगळ्यांच्या उपयोगाची. असं काही कुणाकडे असेल तर मूळ फाईल ज्या फोनवर नोंदली त्या फोनवर जशीच्या तशी राहू द्या. कापाकापी करायची ती नकलेवर करा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही ते आहे. एक नक्कल गटाच्या कपाटात आहे, किल्ली दोघींकडे.

त्यानंतर वर्गाचे नियम बदलले. आणलेला आवाज आधी ज्याचा त्याने हेडफोनवर ऐकायचा. ज्याचा आवाज नोंदवला त्याला सांगायचं, आजी असो की शेजारीण. आणि फाईलच्या नावात त्या माणसाचं नाव घालायचं, तिची हरकत नसेल तर. मुलींनी ‘जाते १’, ‘जाते २’ अशी नावं दिली होती. मी म्हटलं, जातं आपोआप फिरलं का? हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून जमवल्या, एक लाखाहून अधिक. बर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथे ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव असतं. डेलियाला पन्नास वर्षं थांबावं लागलं ते तिथे मिळालंय. मुलींनी नावं बदलली. एका फाईलचं नाव तर इतकं लांब झालं, आजीचं नाव, वडिलांचं नाही म्हणून माहेरचं गाव, सासरचं गाव, की संगणकाने अर्धंच दाखवलं.

खर्चाचं विचाराल, तर फार नाही. सॉफ्टवेअर फुकट. माईक विकत घेऊ नका, मोबाइल पुरतो. फक्त अंथरुणाच्या गठ्ठ्यापाशी नोंदवा, मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. हेडफोन वायरचे घ्या. बिनवायरच्यात आवाज उशिरा पोचतो आणि टाळी तालात पडत नाही. एका संगणकाला दोन हेडफोन लावायची पिन मिळते, ती शे-दीडशेत येते आणि तिच्याशिवाय दोघींना ऐकता येत नाही. आणि एक ठेच आम्ही खाल्ली ती तुम्ही खाऊ नका. शेवटच्या रविवारी मुलींनी गाणी पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडली, तर गाणी गप्प! गाण्याच्या फाइलीत फक्त पत्ता असतो, आवाज मूळ संगणकावरच राहिलेले. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तयार गाण्याची वेगळी ध्वनिफीत काढून घ्या. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी मोबाइलवरही अशी सॉफ्टवेअरं आहेत. पडदा लहान असल्याने डोळे दुखतात, पण काम होतं. मात्र मोबाइल भावाचा असेल तर रात्री काय काय सोसावं लागतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

अठरा मुलींपैकी तेरा शेवटपर्यंत राहिल्या. एकीचं लग्न ठरलं. दोघींना घरून बंद केलं, “गाणं शिकायचं तर पेटी शिक, हे काय मशीन?” असं म्हणून. दोघींना आवडलंच नाही, तेही चालायचंच.

जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग झालं. त्यात मुलींची गाणी वाजवायचं ठरलं. मंडपातला साउंडवाला म्हणाला, पेनड्राइव्ह द्या, आमचा पोरगा लावेल. मुली म्हणाल्या, लॅपटॉपवर आम्हीच बसणार. बरीच घासाघीस झाली, शेवटी त्याने खुर्ची दिली. त्या मुलीचं गाणं आलं तेव्हा तीच बसली होती. भांड्यांचा ठेका, पाणी, आईच्या बांगड्या, सगळं आईला ऐकवून, विचारून घेतलेलं. मग ते चाळीस सेकंद आले. मंडप एकदम शांत. साउंडवाल्याला वाटलं वायर निघाली, तो धावत बोर्डाकडे आला. तिने त्याच्याकडे न बघता हात वर करून त्याला थांबवलं. तो थांबला. मागे मुलं कुजबुजायला लागली, कुणीतरी शिट्टी मारली. ती घड्याळ बघत बसली होती. मग नळाचं पाणी पुन्हा सुरू झालं.

माझं बोलणं इथे थांबवते. लॅपटॉप टेबलावर आहे, हेडफोन सहा आहेत, गजराचं घड्याळही आणलंय. ज्यांनी माऊस कधी धरला नाही त्या पहिल्या दहा मिनिटांना बसतील.